जिभेला चिकटलेलं हाड

शाळेचा फोन आला तेव्हा मी संग्रहालयात तिसरीच्या मुलांना गायीचा दात आणि घोड्याचा दात यांतला फरक दाखवत होते. "तुमच्या नातीला घेऊन जा," एवढंच पलीकडून सांगितलं. माझी लेक टपाल कार्यालयात कामाला आहे. तिला खिडकी सोडून उठता येत नाही, म्हणून शाळेच्या कागदावर दुसरा नंबर माझा. दात मुलांच्या हातात तसेच ठेवून मी निघाले.

मुंगी वर्गाबाहेरच्या बाकावर बसली होती. मुंगी हे तिचं घरातलं नाव. नऊ वर्षांची आहे, पण अंगापिंडानं सहाची वाटते. तिच्या अंगात खेळाच्या कपाटातली कुणाचीतरी विजार होती, खालून चार घड्या मारलेली. तिचे स्वतःचे कपडे पिशवीत गाठ मारून बाकाखाली सरकवले होते. आणि तिच्यासमोर, खिडकीच्या कट्ट्यावर, दुधाचा स्टीलचा पेला होता. अर्धा भरलेला, वर साय धरलेली.

"हा इथे कशाला?" मी विचारलं.

तिच्या वर्गाच्या बाई दारात आल्या. "संपवायचा राहिलाय. नियम आहे, आजी. वाढीचा पेला सगळ्यांनी संपवायचा, मग जागेवर बसायचं. एकीला सूट दिली की उद्या अर्धा वर्ग पोट धरून उभा राहील."

"तिचं पोट बिघडलं. कपडे खराब झाले. आणि तुम्ही तिच्यापुढे परत पेला मांडलात?"

"महिनाभर हेच चाललंय हो. पहिल्या दिवसापासून नाटकं. रोज प्यायलं की सवय होते." मग त्यांना एकदम आठवलं. "आणि तुमच्याच संग्रहालयात लिहिलंय ना भिंतीवर? पाच हजार वर्षांपूर्वीची ती बाई दूध पचवत होती. मी मुलांना तेच सांगते. आपल्या रक्तातच आहे ते. तिला जमलं, आणि ह्या मुलीला जमत नाही?"

चाळीस वर्षं मी शाळेत शिकवलं. आवाज चढवायची वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली. त्या दिवशीही मी आवाज चढवला नाही. पेला उचलला, व्हरांड्याच्या टोकाला नळाखाली ओतला, विसळला आणि बाईंच्या हातात दिला.

"संपला," मी म्हटलं.

खरा राग मात्र मला बाईंचा नव्हता आला, माझाच आला होता. तो फलक गेले तीन आठवडे येणाऱ्या प्रत्येक वर्गाला मीच वाचून दाखवत होते. 'आपण दुधावर वाढलेली माणसं. आपली ही पूर्वजा पाच हजार वर्षांपूर्वी दूध पचवत होती.' मुंगीचा वर्ग आला तेव्हाही मीच वाचला होता, चांगला खणखणीत आवाजात. मुंगी पहिल्या रांगेत उभी होती.

घरी जाताना ती माझ्या मागून चालत होती. विजारीची एक घडी सुटली, ती मी खाली बसून पुन्हा मारली. तेव्हा तिनं विचारलं, "आजी, मी आपल्यातली नाहीये का?"

"म्हणजे गं?"

"बाई म्हणतात, आपल्या रक्तात आहे. माझ्यात नाहीये ना."

मी रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर तिला बसवलं. असल्या प्रश्नाचं उत्तर चालता चालता देऊ नये.

"हे बघ, दुधात एक साखर असते. ती जोडीजोडीनं असते, दोन मुलांनी हात घट्ट धरावेत तशी. पोटाला ती जोडी घेता येत नाही. सोडवावी लागते. त्यासाठी पोटात एक कात्री असते. जन्मलेल्या प्रत्येक बाळाकडे असते, कारण बाळाला दुसरं काही खाता येत नाही. मग बाळ मोठं होतं, इतर सगळं खायला लागतं, आणि शरीर म्हणतं, आता कशाला हवी? ती हळूहळू कपाटात ठेवून देतं."

"माझी ठेवली?"

"तुझी ठेवली. माझीही. जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांची ठेवलेलीच असते."

"आणि कात्री नसताना दूध प्यायलं की?"

"जोड्या तशाच खाली आतड्यात जातात. तिथे राहणारे बारीक जीव त्यांच्यावर तुटून पडतात, वायू करतात, गडबड करतात."

"ती गडबड मला माहितीये," मुंगी गंभीरपणे म्हणाली. मग, "मामाआजोबांची कात्री?"

"त्याची बाहेरच आहे. काही लोकांच्या शरीरात एक अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे कपाटाचं दार लागतच नाही. तो आजही उभ्यानं मोठा पेला रिकामा करतो."

"आणि संग्रहालयातल्या त्या सात नंबरच्या बाईची?"

"बाहेर होती म्हणे."

"म्हणे म्हणजे? कुणी पाहिलं?"

हा प्रश्न मीच तिला शिकवला होता. दुकानदार काही सांगू दे, पुस्तक काही सांगू दे, आधी विचारायचं: कुणी पाहिलं? आणि मी स्वतः तीन आठवडे न विचारता पोपटासारखी बोलत होते.

मामाआजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. संग्रहालयात सगळे त्याला साहेब म्हणतात. उत्खननाचा प्रमुख तो, नव्या दालनाचाही तोच. मी त्याला दुध्या म्हणते. लहानपणी आई आम्हा दोघांपुढे दोन पेले ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. मला ते दूध पोटात सुरीसारखं लागायचं, पण आईला वाटे, पोरगी चोचले करते. तिची पाठ वळली की दुध्या माझा पेला उचलायचा आणि दोन घोटांत संपवायचा. मग ओठ पुसून रिकामा पेला माझ्यापुढे सरकवायचा. सात वर्षांचा होता. एकदाही त्यानं चहाडी केली नाही.

त्याच्यावर उगाच संशय घ्यायचा नव्हता, म्हणून मी आधी त्याच्याकडे गेलेच नाही. आधी गेले ते कागदांच्या खोलीत. तिथली कारकून माझी विद्यार्थिनी. "बाई, अहवाल बाहेर न्यायचा नाही हं," म्हणाली आणि खुर्ची पुसून दिली.

अहवाल चौदा पानांचा होता. अकरा सांगाडे. प्रत्येकाच्या आतल्या कानाभोवतीचं हाड घेतलं होतं. ते शरीरातलं सगळ्यात घट्ट हाड, त्यामुळे जुना डीएनए तिथे टिकतो. त्या हाडाची पूड करून, त्यातून दूध पचवण्याचं ते अक्षर शोधलं होतं. दहा सांगाड्यांत ते नव्हतं. सातव्यात होतं. इथपर्यंत फलकाशी जुळत होतं. दहा जणांचं काय झालं हे मात्र फलकावर कुठेच नव्हतं.

शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. मी त्या तीनदा वाचल्या. 'नमुना सात: हाडांवरून व्यक्ती स्त्री आहे. नमुन्यात मात्र पुरुषाचाही डीएनए आढळतो. आधुनिक व्यक्तीचा डीएनए मिसळला असण्याची दाट शक्यता. पुन्हा तपासल्याखेरीज या नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये.'

मागे एक फॉर्म जोडला होता. 'उघड्या हाताने स्पर्श झाला असल्यास त्या व्यक्तीचे नाव.' पुढे माझ्या भावाचं वळणदार अक्षर: 'कुणाचाही नाही.' खाली सही.

आणि मला तो दिवस आठवला. मी चौथीच्या मुलांना खोदकाम बघायला घेऊन गेले होते. दुध्या खड्ड्यात उकिडवा बसला होता. सात नंबरची कवटी मातीच्या वजनानं आधीच फुटलेली, तिचे तुकडे ढेकळांत मिसळलेले. त्यानं एक ढेकूळ फोडलं, ब्रशच्या टोकानं एक बारीक तुकडा अलगद बाहेर काढला, वर धरला आणि मुलांना विचारलं, "सांगा, दगड की हाड?" मुलं ओरडली, दगड! त्यानं ब्रश तोंडाजवळ नेला आणि तुकडा जिभेला लावला. जुनं हाड आतून जाळीदार असतं, ओलावा ओढून घेतं आणि जिभेला चिकटतं. दगड गळून पडतो. खोदकाम करणाऱ्यांची ही फार जुनी सवय. हाडाचा तुकडा जिभेला लटकलेला, डोळे मोठे केलेले, दोन्ही हात पसरलेले, असा तो मुलांकडे वळला. मुलं टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या. नंतर छायाचित्रासाठी त्यानं हातमोजे घातले.

दुपारी चारला मी त्याच्या खोलीत गेले. टेबलावर त्याचा नेहमीचा मोठा कप होता.

"ये ताई, बस. चेहरा का असा?"

"शेवटचं पान फलकावर का नाही?"

माझ्या भावाला खोटं बोलायचं असलं की तो आधी चष्मा काढतो. त्यानं चष्मा काढला. "त्या प्रयोगशाळेच्या लोकांची ती रीतच असते गं. प्रत्येक अहवालाखाली 'शक्यता आहे, शक्यता आहे'. मग आम्ही काय दालनात अकरा 'कदाचित' टांगायचे?"

"हाडाला हात कुणी लावला?"

"कुणी नाही. लिहून दिलंय मी."

"जीभ?"

"काय?"

"हात नाही लावलास, दुध्या. जीभ लावलीस. तीस मुलांसमोर. मी होते तिथे."

तो हसला. खरंच हसला, आणि माझं डोकं आणखी तापलं. "अगं, ते तर आम्ही सगळेच करतो! जिभेनं हाड ओळखणं म्हणजे काय स्पर्श झाला का? माझ्या गुरूंनी शिकवलंय मला. तो कानाचा तुकडा तपासणीला पाठवण्याआधी धुतलाय, वरचा थर खरवडलाय."

"आणि भेगेत गेलेली थुंकी? तुझ्या जिभेचा तेवढा तुकडा भिंतीवर पूर्वजा म्हणून लावलायस तू!"

"हळू बोल. बाहेर लोक आहेत."

"मुंगीला पेल्यासमोर उभं करतात शाळेत. तुझ्या भिंतीचा दाखला देऊन. आज तिचे कपडे भरले सगळ्या वर्गात."

हे ऐकून त्याचं हसू गेलं. मुंगीवर त्याचा जीव आहे. पण दुसऱ्याच क्षणी तो साहेब झाला. "त्याला मी काय करू? शाळेला सांग. डॉक्टरचा दाखला दे."

"लेकीनं विचारलं त्यांना. डॉक्टर म्हणतात, हा आजारच नाही, तर दाखला कसला देऊ? आणि शाळा म्हणते, दाखला नाही तर पेला प्या. मधल्या मधे पोर कोंडलीय."

"ताई, दालनाचं उद्घाटन झालंय. वर्तमानपत्रांत आलंय. एका पोरीच्या पोटदुखीसाठी मी आता ते उतरवू? आणि फलकात वाईट काय आहे? दूध पचवणारी माणसं टिकली, वाढली. ह्याचा अभिमान वाटला लोकांना, तर बिघडलं कुठे?"

"आणि बाकीची कुठे गेली?"

"कोण बाकीची?"

"ज्यांना पचत नव्हतं ती! तुझ्या खड्ड्यातली दहा. तुझ्याच दालनात ती भोकांची मडकी ठेवलीयत, दही गाळायची. हजारो वर्षं माणसं असंच करत होती. दही लावून, आंबवून, गाळून खात होती. मजेत जगत होती. मग ते अक्षर पसरलं कसं? तूच मला समजावून सांगितलं होतंस. आता काही अभ्यासकांना काय वाटतं, सांग ना."

त्यानं समोरचा कप उचलला.

"मीच सांगते. धान्य संपलं की आंबवायलाही सवड राहत नाही, असेल ते दूध तसंच प्यावं लागतं. धडधाकट माणसाला त्यानं नुसता त्रास होतो. आधीच उपाशी, आजारी असलेल्या पोराला जुलाब लागले की ते जातं. वाईट वर्षांत अशी पोरं गेली, आणि कात्रीवाली राहिली. असं झालं असावं, म्हणतात. तू ज्याला अभिमान म्हणतोस, त्यात मुंगीएवढी पोरं मेलेली आहेत, दुध्या. आणि तू भिंतीवर लिहितोस, आपण दुधावर वाढलेली माणसं!"

"झालं तुझं?"

"नाही. माझा पेला कोण प्यायचं?"

त्यानं चष्मा घातला आणि समोरचा कागद ओढला. "मला मीटिंग आहे," म्हणाला.

मी दार जोरात लावलं. सबंध मजल्यावर ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

मुंगी शाळेत जायला तयार होईना. माझ्या लेकीनं समजावलं, चिडली, शेवटी स्वतःच रडली. तेव्हापासून मुंगी रोज माझ्याबरोबर संग्रहालयात येऊ लागली. सात नंबरच्या पेटीसमोर जमिनीवर बसून गणितं करायची. फलकाकडे पाठ करून बसायची, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

प्रयोगशाळा मागच्या इमारतीत आहे. तिथली तपासणी करणारी बाई डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात वावरते, फक्त डोळे दिसतात. मुलं काचेतून तिला बघतात आणि अंतराळवाली म्हणतात. तिलाही ते नाव आवडतं. मी काचेवर टकटक केली. पोशाख उतरवून ती बाहेर आली तेव्हा कळलं, केसांत माझ्याइतकीच पांढरी बट आहे.

जिभेची हकीकत मी सांगितली. ती ऐकत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटत चालले होते.

"मी दोनदा विचारलं होतं त्यांना," ती म्हणाली. "कुणाचा स्पर्श झालाय का? दोन्हीदा नाही म्हणाले. हे बघा, जुना डीएनए म्हणजे फाटून तुकडे तुकडे झालेली वही. तुकडे बारीक, कडा कुजलेल्या. आणि ताजा डीएनए म्हणजे नवीकोरी, लांबच लांब पानं. सात नंबरमध्ये मला दोन्ही मिळाली. दुधाचं ते अक्षर लांब पानांवर आहे. कुजक्या तुकड्यांत जिथे जिथे ती जागा वाचता आली, तिथे जुनंच अक्षर आहे."

"म्हणजे त्या बाईला दूध पचत नव्हतं."

"मोठेपणी, बहुतेक नाहीच. पण साहेब म्हणणार, कुजके तुकडे थोडेच आहेत. लांब पानं कुणाची आहेत, ते दाखवता आलं तर प्रश्नच मिटला. त्यांचा नमुना हवा. आणि तो ते देणार नाहीत. जबरदस्तीनं मी घेऊ शकत नाही."

मी खुर्चीवरून उठले, परत बसले. "माझा घ्या."

"तुमचा कशाला? तुम्ही हाड कुठे चाटलंत?"

"तो माझा सख्खा भाऊ आहे. आईवडील तेच. माझ्यात निम्मं तरी तेच असेल ना?"

अंतराळवाली माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुम्ही काय शिकवायचात शाळेत?"

"सगळंच. चौथीपर्यंत एकच बाई असते."

तिनं कापसाची काडी माझ्या गालाच्या आतून फिरवली. मला वाटलं होतं, भावाविरुद्ध काही करताना हात जड होईल. झाला नाही. मला मुंगीची चार घड्यांची विजार दिसत होती.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी मी वर्गांना दालन दाखवायची, आणि तो फलक आला की म्हणायची, "हा वाचू नका. पुढे चला." मुलंच ती, सगळी तिथेच थांबून वाचायची.

अंतराळवालीनं कागद माझ्या हातात दिला आणि बोटानं ओळ दाखवली. नमुना सातमध्ये मिसळलेला आधुनिक पुरुष नमुना देणाऱ्या व्यक्तीचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. सख्खा भाऊ असण्याशी सर्वांत जास्त जुळतं. माझे वडील जाऊन तीस वर्षं झाली. मला मुलगा नाही. खाली आणखी एक ओळ होती: नमुना देणाऱ्या व्यक्तीत दूध पचवण्याचं अक्षर नाही. आईला दाखवायला हवी होती ती ओळ. पन्नास वर्षं उशीर झाला.

मी दुध्याच्या टेबलावर कागद ठेवला आणि उभी राहिले. तो वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "तू स्वतःची थुंकी दिलीस?"

"तुझी मागितली असती तर दिली असतीस?"

"मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. इथेच, ह्याच खोलीत. तुला मीटिंग होती."

त्यानं कागद पुन्हा वरपासून वाचला. मग सावकाश म्हणाला, "हात नव्हता लावला, ताई. खरंच मनात तेच होतं. जीभ लावली हे मला फॉर्म भरताना आठवलंसुद्धा नाही. इतकी सवय."

"पहिल्यांदा नसेल आठवलं. मी आठवण करून दिल्यावर?"

कागदाचा कोपरा तो नखानं दुमडत राहिला. "ठीक आहे. फलक बदलू. पुढच्या महिन्यात दालन रंगवायचंच आहे, तेव्हा शांतपणे..."

"शांतपणे नाही."

"मग काय, दवंडी पिटू?"

"पीट. मुंगीचे कपडे काय शांतपणे खराब झाले होते? तीस पोरं बघत होती. फलक आज उतरेल. आणि तू त्या वर्गात येशील, त्या तीस पोरांसमोर उभा राहशील आणि तुझ्या तोंडानं सांगशील. मी सांगितलं तर ते आजीचं लाडावणं होतं. साहेबानं सांगितलं तर ते खरं असतं. तुझ्या जिभेनं हे सुरू झालंय, तिनंच ते निस्तर."

"ताई, माणूस चुकतो गं."

"चुकतो. त्यासाठी मी तुझ्यावर चिडलेली नाही. चाळीस वर्षं मी चुकलेल्या पोरांना जवळ घेत आलेय. चूक कळल्यावरही पाटी पुसत नाही, त्या पोरावर मी चिडते. तू साठ वर्षांचा आहेस, दुध्या."

दुपारी दोन माणसांनी शिडी लावून फलक उतरवला. मागे भिंतीवर फिकट चौकोन राहिला. मुंगीनं वर बघितलं, मग पाठ फिरवून बसायचं सोडून ती पेटीकडे तोंड करून बसली आणि भागाकार करू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं शाळेत गेलो. मुंगी माझा हात सोडत नव्हती. वर्गात वाढीच्या पेल्याची वेळ चालू होती. ओळीनं पेले मांडलेले, मुलं उभी. बाईंनी साहेबांना पाहून घाईघाईनं खुर्ची पुढे केली.

तो खुर्चीवर बसला नाही. फळ्याजवळ उभा राहिला. सभा गाजवणारा माणूस, पण सुरुवात करायला त्याला तीनदा खाकरावं लागलं.

"मुलांनो, सात नंबरच्या बाईबद्दल मी भिंतीवर जे लिहिलं होतं, ते चूक होतं. तिला दूध पचत नव्हतं, असं दिसतं. तिच्या हाडात सापडलेलं ते अक्षर माझं होतं. मी ते हाड चाटलं होतं."

वर्गात हसू फुटलं. "ईऽऽ!" कुणीतरी मागून ओरडलं. "मेलेल्या बाईला चाटलं!"

"हो," माझा भाऊ म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "आणि मग विचारलं तर सांगितलं नाही. तपासणाऱ्या बाईंनी पुन्हा तपासा म्हटलं होतं, तेही मी लपवलं. ते जास्त वाईट. तिथली अकराच्या अकरा माणसं दही गाळून खात होती, आणि तीही आपलीच पूर्वज. ज्यांना दूध पचतं ती आपली, ज्यांना पचत नाही तीही आपलीच. ह्यात कुणाचं नाटक नसतं."

बाई हळूच म्हणाल्या, "पण साहेब, दूध तसं चांगलंच ना मुलांना?"

"ज्याला पचतं त्याला," तो म्हणाला. "दुसऱ्यांना बसू द्या, बाई. उभं करू नका."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मुंगीची खुर्ची त्यांनी स्वतः मागे ओढली. मागच्या रांगेतली आणखी दोन मुलं एकमेकांकडे बघत गुपचूप खाली बसली. इतके दिवस तीही पोट आवळून पीत होती, हे तोवर कुणाला कळलं होतं?

मुंगी बसली नाही. तिनं आपल्यासमोरचा भरलेला पेला दोन्ही हातांनी उचलला, न सांडता फळ्यापर्यंत नेला आणि वर धरला.

"मामाआजोबा, तुम्ही घ्या. तुमची कात्री बाहेर आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांचा असताना पाहायचा तसंच, आई वळली का, असं विचारत. मी मान हलवली नाही आणि हसलेही नाही. एका पेल्यानं उतरण्याएवढा माझा राग लहान नव्हता. पण त्यानं पेला घेतला, आणि तीस मुलांसमोर, बाईंसमोर, दोन घोटांत रिकामा केला. ह्या वेळी चोरून नाही.

रिकामा पेला त्यानं मुंगीच्या हातात दिला. मग ओठावर लागलेली साय त्यानं जिभेनं पुसली. त्याच जिभेनं.